घळीच्या तोंडाशी चूल

माणूस गाडीतून कसा उतरतो एवढ्यावरून मर्टल त्याची किंमत करत असे. उतरल्या उतरल्या फोन हवेत धरून गरागरा फिरणारे एक. कमरेवर हात ठेवून, हे सगळं आपणच मांडून ठेवलंय अशा थाटात डोंगराकडे बघणारे दुसरे. आणि आधी झुडपामागे जाऊन मोकळे होऊन येणारे तिसरे. या तिसऱ्यांबद्दल तिचं मत त्यातल्या त्यात बरं होतं. "निदान आपण कशासाठी थांबलोय ते त्यांना ठाऊक असतं," ती म्हणायची.

ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात, टेन माईलला गाड्या पुष्कळ येत. वस्ती म्हणजे चाळीसेक पत्र्याची घरं, एक दुकान, एक दवाखाना, एक शाळा आणि बोअरच्या पाण्याची उंच टाकी. तिच्यासाठी कुणी वाट वाकडी केली नसती. पण वस्तीच्या मागे लाल कडा होता. शहरातून आलेल्यांना तो कडा बघायचा असे, आणि बघून झाल्यावर त्यांना काहीतरी वाटायलाही हवं असे. मर्टलचा त्यांच्या बघण्यावर आक्षेप नव्हता. डोळे आहेत, बघतील. त्या वाटण्याची मात्र तिला शिसारी येई.

विमानाची धावपट्टी केली तेव्हा बुलडोझरने मधले धोंडे ढकलून एका कडेला त्यांचा ढीग घातला होता. एकदा अकरा जणांची टोळी त्या ढिगाभोवती हातात हात घालून, डोळे मिटून उभी राहिली. त्यातली एक बाई तर रडायलाच लागली. मर्टल आणि तिची थोरली मावसबहीण नेटी, दोघी टाकीच्या सावलीत बसून बघत होत्या. नेटीला डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून मर्टल तिला एकेकाचं वर्णन करून सांगत होती.

"सांगून यायचं का त्यांना?" नेटीने विचारलं.

"कशाला? त्या बुलडोझरवाल्याला आजवर कुणी बरं म्हटलं नव्हतं. आज म्हणू दे."

मर्टलचं नक्की वय कुणालाच माहीत नव्हतं. कागदोपत्री तिचा जन्म एक जुलैचा होता, कारण ज्यांची जन्मतारीख ठाऊक नव्हती त्या सगळ्यांना कचेरीतल्या कुणीतरी एक जुलै वाटून टाकला होता. त्यामुळे टेन माईलच्या बहुतेक म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येई आणि दवाखान्यातली नर्स एका केकमध्ये सगळ्यांना उरकून टाकी. पोरवयात मर्टल एका गुरांच्या मळ्यावर मालकिणीच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला होती. तिथे ती इंग्रजी शिकली, शिव्यांसकट सगळं. पण बोलायची नाही. ऐकायला काही लागत नाही, बोलायचं तर त्यांच्या अंगणात जाऊन उभं राहावं लागतं, असा तिचा हिशेब. पुढे बावीस वर्षं तिने दवाखान्याची फरशी पुसली. त्या बावीस वर्षांत किती डॉक्टर आले, किती गेले, कोण नीट हात धुवायचा आणि कोण नुसता नळ सोडायचा, हे ती अजून सांगू शके. तिचा नवरा वारला होता. गेलेल्या माणसाचं नाव तिथे कुणी घेत नाही, म्हणून ते इथेही नको.

आणि तिच्याकडे एक घळ होती.

कड्याच्या पाठीमागे, जिथे दोन टेकड्या एकमेकींच्या अंगावर रेलल्यासारख्या दिसतात, तिथे ती घळ आत शिरते. ती बायकांची. मर्टलच्या आईने आणि मावशीने ती तिच्या स्वाधीन केली होती, त्यांच्या हाती ती त्यांच्या आईकडून आली होती. आत काय आहे ते बायकांना ठाऊक, आणि त्याही सगळ्यांना नाही. पुरुष तोंडाच्या आत जात नाहीत, तिकडे बघत नाहीत, विचारतही नाहीत. तेव्हा वाचणाऱ्यांनीही विचारू नये.

हिवाळ्यातल्या एका सकाळी, कुत्र्यांच्या पाण्याच्या डब्यात बर्फाचा पापुद्रा धरलेला असताना, दोन पांढऱ्या गाड्या टेन माईलला आल्या. एकीतून कॅमरन उतरला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. हा नकाशे काढणारा. कड्याभोवती फळ्यांची वाट बांधायची, शेवटी एक सज्जा बांधायचा, आणि लोकांनी त्या सज्ज्यात उभं राहून सूर्य मावळताना बघायचा, अशी ती योजना होती. सूर्य सज्ज्याशिवायही मावळतो, हे मर्टलने पहिल्याच बैठकीत कुजबुजून नेटीला सांगितलं होतं. दुसऱ्या गाडीतून प्रू उतरली. प्रूचं काम म्हणजे इथल्या लोकांना काय वाटतं ते लिहून घेणं. तिच्या गळ्यात लाल बियांची माळ होती. तसल्या माळा नेटी टोपलीभर ओवून विमानतळावरच्या दुकानात पाठवत असे.

"आंटी!" म्हणत प्रू हात पसरून मर्टलकडे धावली.

मर्टल काठीसारखी ताठ उभी राहिली आणि मिठी होईपर्यंत टाकीकडे बघत राहिली.

"आंटी म्हणे," ती नंतर नेटीला म्हणाली. "माझ्या कुठल्या भावाची पोर गं ही? त्याने कळवलं नाही मला."

"भावाला विचार, इतकी फिकट कशी झाली. उन्हात वाळत घालून विसरला असेल."

बैठका तीन झाल्या होत्या. आता चौथ्यांदा सगळ्यांनी जागेवर जाऊन वाट नक्की करायची होती आणि सोमवारपासून काम सुरू व्हायचं होतं. नकाशावरची वाट घळीच्या तोंडावरून जात होती. तोंडापर्यंत आलेला माणूस आत डोकावल्याशिवाय राहत नाही, आणि डोकावलेला माणूस आत गेल्याशिवाय राहत नाही, हे कळायला मर्टलला नकाशाची गरज नव्हती. म्हणजे आजच्या दिवसात ती वाट तिथून हलली नाही, तर मावशीने दिलेली जागा तिच्या हातून गेली असती. गेले तीन दिवस तिला अन्न गोड लागत नव्हतं.

अडचण अशी होती की दर बैठकीला तिचं बोलणं इंग्रजीत सांगायला तिची मुलगी शर्लीन असायची. शर्लीनच्या धाकट्या पोराच्या कानाचं ऑपरेशन निघालं, ती अॅलिसच्या मोठ्या इस्पितळात गेली. मागे राहिला शर्लीनचा नवरा, लायनल.

लायनल हा चांगला माणूस. रानाची राखण करणाऱ्या सहा जणांच्या टोळीचा तो मुकादम. ही फळ्यांची वाट त्याची टोळीच बांधणार होती. तसं मंजुरीच्या कागदातच लिहिलं होतं, काम इथल्याच माणसांनी करायचं, लायनलच्या हाताखाली. पण तो मर्टलचा जावई होता. सासू-जावयांनी एकमेकांशी बोलायचं नाही, समोर यायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एका गाडीत बसायचं नाही. यात भांडण मुळीच नाही. मान असतो तो असा. एकोणीस वर्षांत मर्टलने लायनलचं तोंड बघितलं नव्हतं. त्याचं नाक कसं आहे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. अगदीच अडलं तर मध्ये कुणीतरी तिसरा घ्यायचा, आणि तिसरा नसला तर कुत्राही चालतो.

मर्टलच्या कुत्र्याचं नाव पोलीस. बोलावलं की येत नसे आणि नको तिथे हजर असे, म्हणून.

"सगळे एकाच गाडीत बसू," कॅमरन टाळी वाजवून म्हणाला. "जागा भरपूर आहे."

लायनल टाकीच्या पलीकडून, पाठमोरा राहूनच म्हणाला, "दोन गाड्या न्या, साहेब."

"का? उगाच डिझेल जाळायचं?"

"म्हाताऱ्या पुढच्या गाडीत बसतील. मी मागच्या."

"तुमचं भांडण झालंय का?"

"नाही साहेब. सासू आहे ती माझी."

कॅमरन मोठ्याने हसला. "अरे, मग कळलं! माझीही आहे एक."

मर्टलने ते हसणं ऐकलं आणि पुढच्या गाडीत जाऊन बसली. पोलीस तिच्या आधी चढून बसला होता.

कड्याच्या अलीकडे, जिथे पहिले मोठे खडक लागतात, तिथे तिने गाडी थांबवायला लावली. परक्या माणसांना नेताना त्या जागेला आधी सांगावं लागतं, कोण आलंय, कशाला आलंय. मर्टल उतरली, मूठभर वाळू घेऊन चार दिशांना उधळली आणि खणखणीत आवाजात कड्याला म्हणाली, "मी आलेय, नेटी आलीये. बरोबर दोन बिनकामाची माणसं आहेत. एक आहे तो नकाशातून मान वर काढत नाही, आणि दुसरी आहे ती रडायला जागा शोधतेय. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. त्यांना काही करू नका, उगाच कागदपत्रं वाढतील. जेवणाच्या वेळेपर्यंत घालवते त्यांना."

नेटी पदराऐवजी स्वेटरच्या बाहीत तोंड लपवून हसत होती. प्रूचे डोळे भरून आले. मागच्या गाडीजवळ, पाठ फिरवून उभ्या असलेल्या लायनलला तिने विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

लायनलने बुटाने वाळू सारखी केली. "स्वागत केलं," तो म्हणाला. "आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत जायचं आहे म्हणाली."

घळीच्या अलीकडे दोनशे पावलांवर गाड्या उभ्या राहिल्या. जमिनीत खुंट्या मारलेल्या होत्या, प्रत्येक खुंटीला गुलाबी फीत. त्या फितींची रांग गवताच्या गड्ड्यांमधून सरळ घळीच्या तोंडावर जात होती. लायनल गाडीच्या मागेच थांबला आणि घळीकडे पाठ करून उभा राहिला. मर्टल पाठमोरी, त्याच्यापासून तीस पावलांवर एका खडकावर बसली. मध्ये पोलीस.

प्रूने तिची पाटीएवढी काचेची वही काढली. त्यात फॉर्म होता.

"आंटीने मागच्या वेळी सांगितलं की वाट इथून नको," ती लायनलला म्हणाली. "आमची अजिबात हरकत नाही. आम्ही आदरच करतो. फक्त इथे कारण भरावं लागतं. कारण भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

मर्टल कुत्र्याकडे वळली. "पोलीस, त्या माणसाला सांग, तिकडे नाही जायचं. हेच कारण."

"पोलीस, तिला सांग, हेच मी गेलं वर्षभर सांगतोय," लायनल कुत्र्याला म्हणाला. "त्यांच्या पाटीला हे कारण गिळवत नाही."

कॅमरनने प्रूकडे बघितलं. प्रूने कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्याने कान खाजवला.

"आदरानेच विचारते," प्रू म्हणाली. "यातलं कुठलं आहे ते सांगा. थडगं, चित्रं, दगडांची मांडणी, पाणी, की इतर?"

लायनलने ती यादी कुत्र्याला ऐकवली. मर्टलला ती आधीच कळली होती, पण तिने ऐकून घेतली.

"पोलीस, त्याला म्हणावं, दुकानात बिस्किटं घेते तशी घेऊ का मी? दोन थडगी, एक पाणी?"

"तिला हे सगळं सांगता येत नाही, मॅडम," लायनल प्रूला म्हणाला.

"मग तू सांग ना," कॅमरन मध्येच म्हणाला. "तू इथलाच आहेस. काय आहे तिथे?"

"मला माहीत नाही."

"बायको इथली, सासू इथली, वीस वर्षं इथे राहतोस, आणि माहीत नाही?"

"साहेब," लायनल शांतपणे म्हणाला, "ते माहीत नसणं हेच माझं काम आहे. आणि ते मी चांगलं करतो."

मर्टलने हे ऐकलं. जावयाबद्दल तिचं मत चांगलं होतंच, पण ती आजवर ते कुणाजवळ बोलली नव्हती. तिने कुत्र्याच्या पाठीवर एक थाप मारली. पोलीस दचकला, त्याला त्याची सवय नव्हती.

मग प्रू खडकाजवळ आली, गुडघे टेकून बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आंटी, तुम्हाला इंग्रजी कळतं, मला ठाऊक आहे. पुरुषांना दूर पाठवते. मला एकटीला सांगा. बाईने बाईला. मी माझ्यापाशीच ठेवेन."

मर्टलने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. बाई वाईट नव्हती. डोळे खरे होते, रडके होते पण खरे. मर्टलची आई जिवंत असताना अशीच एक खऱ्या डोळ्यांची बाई आली होती. तिने तीन महिने त्यांच्याबरोबर जमिनीवर झोपून, त्यांचं खाऊन, माझ्यापाशीच ठेवेन म्हणत सगळं ऐकून घेतलं होतं. दोन वर्षांनी ते चित्रांसकट छापून आलं. मळ्यावरच्या गुराख्यांनी ते पुस्तक चुलीशी बसून चाळलं. मर्टलची आई त्यानंतर कधी घळीत गेली नाही. कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणायची.

"काय म्हणतेय ती?" नेटीने विचारलं.

"म्हणतेय, पाटी बाजूला ठेवून ऐकते. बाईने बाईला."

"मग?"

"मग घरी जाऊन लिहील. वहीला कुठे कळतं गं, वाचणारी बाई आहे का बाप्या?"

मर्टलने प्रूकडे पाठ करून टेकडीकडे तोंड केलं. शेवटी प्रू उठली आणि गुडघ्यांवरची वाळू झटकत कॅमरनकडे गेली. दोघं हळू आवाजात बोलू लागली. वाळवंटात हळू आवाज लांबवर ऐकू येतो, हे शहरातल्या माणसांच्या लक्षात येत नाही.

"कारण नाही म्हणजे हरकत नाही, असंच धरावं लागेल," कॅमरन म्हणत होता. "मी तरी काय करू? सोमवारी काम सुरू."

मर्टलला ते ऐकू आलं. कड्याशी ती एवढं बोलली होती, या माणसांची एवढी टर उडवली होती, पण त्यांच्या पाटीचं पान उलटलं की तिच्या मावशीची घळ गेली, हे खरंच होतं. ती काठी टेकत उठली आणि खुंट्यांच्या रांगेने घळीच्या तोंडाकडे चालू लागली. का, ते तिलाही माहीत नव्हतं. निदान शेवटच्या खुंटीपाशी उभं राहावं, एवढंच.

"लायनल, जरा बरोबर जा, पडतील त्या," कॅमरन म्हणाला. "आणि जातोच आहेस तर शेवटच्या चार खुंट्या तपासून ये. तिथलं माप चुकलंय असं वाटतंय."

"मला जाता येणार नाही."

"आता काय?"

"ती आहे तिथे."

"अरे, ती काय तिथे राहायला गेलीये का? दोन मिनिटांत येईल परत."

मर्टल जागच्या जागी थांबली.

कॅमरन तीन बैठकांत जेवढं बोलला होता त्यातलं हे एकच वाक्य कामाचं होतं, आणि ते त्याला कळलं नव्हतं. वाटेवरून सासू चालली असेल तर जावई वळसा घालतो, ती गेली की वाट मोकळी होते. पण जिथे सासूची चूल आहे तिथे जावयाला पाय टाकता येत नाही. तिथून जाणारी वाट त्याच्यासाठी उरतच नाही.

"नेटीताई!" मर्टलने हाक मारली. "काड्यापेटी आण. आणि गाडीतलं माझं घोंगडं."

"थंडी वाजतेय का गं?"

"नाही. राहायला आलेय मी."

नेटीला क्षणभर उमगेना. मग तिचं बोळकं एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पसरलं. तिने गाडीतून घोंगडं ओढलं, चहाचा काळा डबा घेतला, आणि चाचपडत, खुंट्यांना हात लावत लावत निघाली. वाटेत तिने दोन खुंट्या उपटल्या.

"अहो, त्या कशाला?" कॅमरन ओरडला.

"सरपण," नेटी आपल्या भाषेत म्हणाली.

मर्टलने शेवटच्या दोन खुंट्यांच्या मध्ये हाताने वाळू उकरली, वाळक्या काटक्या रचल्या आणि विस्तव पेटवला. धूर सरळ वर गेला. मग घोंगडं अंथरून, घळीकडे पाठ करून ती मांडी घालून बसली, जशी आपल्या दारात बसायची तशी.

लायनलने धुराचा वास घेतला. मागे न बघताच त्याला काय झालं ते कळलं. तो आणखी पन्नास पावलं लांब गेला.

"काय चाललंय काय?" कॅमरनने विचारलं.

"चूल पेटवली तिने."

"मग?"

"मग मला इथे काम करता येणार नाही."

"तू नाही तर तुझी माणसं करतील."

"सहांपैकी दोन नेटीचे जावई आहेत. नेटीही तिथेच बसलीये. उरले चार. त्यातले दोघे माझे सख्खे भाऊ, तेही तिला तोंड दाखवत नाहीत. उरले दोन. दोघांनी फळ्या उचलायच्या म्हटलं तर पुढचा हिवाळा येईल."

"किती दिवस बसणार आहे ती?"

लायनलला हे कुत्र्यालाच विचारावं लागलं. त्याने शीळ घातली. पोलीस दोघांच्या मध्ये कुठेतरी येऊन बसला.

"पोलीस!" लायनल ओरडून म्हणाला. "तिला विचार, किती दिवस. आणि हेही सांग, माझ्या पोरांना या कामाची गरज आहे. वर्षभर थांबलीयेत ती. घरात बसून बसून एकमेकांची डोकी फोडतायत."

मर्टलने एक काटकी विस्तवात सारली. हे त्याचं खरं होतं.

"पोलीस, त्याला सांग, पोरं तीच, फळ्या त्याच. वाट खारट झुडपांच्या माळावरून ने म्हणावं. तिकडे कुणाचं काही नाही, तिकडून कडाही पुरता दिसतो. तिकडची वाट पुरी होईपर्यंत मी इथे आहे. आणि इकडचीच बांधायची म्हणत असतील तर मरेपर्यंत आहे."

लायनलने हे कॅमरनला सांगितलं, शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं. माळावरून वाट पावणेदोनशे पावलं लांब पडत होती. कॅमरनने टोपी काढली, घातली, परत काढली. मंजुरीचा कागद त्याला पाठ होता. बाहेरची माणसं आणायची तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्याने प्रूकडे बघून हात झटकले.

"पण मी कारण काय भरू?" प्रू जवळजवळ रडकुंडीला आली होती. ती पाटी घेऊन चुलीपाशी गेली. "आंटी, काहीतरी सांगा. काहीही."

मर्टलने चहाच्या डब्यात साखर टाकली, काडीने ढवळली. मग गेल्या चार बैठकांत पहिल्यांदाच तिने प्रूच्या भाषेत तोंड उघडलं.

"मदर-इन-लॉ," ती म्हणाली. "लिही."

प्रूचं बोट पाटीवर अडलं.

"लिही. तुमच्याच भाषेतलं आहे. लॉ आहे त्यात."

प्रूने 'इतर'वर बोट ठेवलं आणि लिहिलं. पाटी टुण्ण वाजली. "वीस अक्षरं तरी हवीत म्हणतेय," ती ओशाळून म्हणाली.

मर्टलने ते नेटीला सांगितलं.

"मग दोनदा लिही म्हणावं तिला," नेटी म्हणाली. "मी कुणी नाही का? मला दोन जावई आहेत."

प्रूने दोनदा लिहिलं. पुढचं पान उघडलं.

माळावरची वाट पुरी व्हायला सात आठवडे लागले. तेवढे दिवस मर्टल घळीच्या तोंडाशी राहिली. पहाटे घोंगड्यावर दव गोठायचं. दर आठवड्याला नर्स रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन यायची आणि या वयात हे काय थेर म्हणून बोलायची. मर्टल तिचे हात बघायची, धुतलेत का ते. शर्लीन अॅलिसहून पोराला घेऊन परतली, तीही आधी ओरडली आणि मग दोन रात्री आईपाशी राहिली. दोघी शर्लीनच्या थोरल्या पोरीला घेऊन घळीत गेल्या का, ते कुणी विचारलं नाही. प्रवासी मात्र लांबून धूर बघून फोटो काढायचे. एकाने येऊन विचारलं, आपण काय विधी करताय. "चहा," मर्टल म्हणाली. त्याने ते लिहून घेतलं.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ती उठली तर चाळीस पावलांवरच्या मल्गाच्या, म्हणजे तिथल्या रानबाभळीच्या झाडाला कांगारूची शेपटी टांगलेली होती, नुकती भाजलेली. जावयाने मारलेल्यातलं चांगलं मांस सासूला जातं, फक्त हातात द्यायचं नसतं. वाळूत पावलं होती. ती तिने वाकून वाचली. झाडापर्यंतची शेवटची सगळी पावलं उलटी होती. एवढा धिप्पाड माणूस, हातात तापती शेपटी धरून, तिच्याकडे तोंड होऊ नये म्हणून पाठीमागे बघत न बघत चालत आला होता, आणि एका ठिकाणी गवताच्या काटेरी गड्ड्यावर बसकण मारून उठला होता.

मर्टलने शेपटी उतरवली, सोलली, पहिला घास घेतला.

"कशी आहे?" नेटीने विचारलं.

"वरून जळलीये, आतून कच्ची. एकोणीस वर्षं झाली, अजून विस्तवाचा अंदाज येत नाही मेल्याला."

"मग मला दे."

मर्टलने टोकाकडचं एक पेर मोडून नेटीच्या हातावर ठेवलं आणि बाकीची शेपटी आपल्या मांडीवर ओढून घेतली.